मोठा हिरा आणि बेताची ऐपत : मोलाचा एक इतिहास

मनुष्याच्या गरजांचा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. त्याच्या हौशीचा इतिहास मात्र क्वचितच लिहिला जातो. वास्तविक पाहता संसार उभा राहतो तो गरजेच्या हिशेबावर, आणि पुष्कळदा डबघाईस येतो तो हौशीपायी. म्हणून हौशीचाही हिशेब शांत चित्ताने मांडावा, असे सारा जन्म मुलांना त्रैराशिके शिकविण्यात घालविलेल्या आमच्यासारख्या माणसास वाटल्यास नवल नाही. यंदाच्या स्मरणिकेसाठी एखाद्या ऐतिहासिक विषयावर चार शब्द लिहावेत अशी संपादक मंडळाची इच्छा होती. त्या निमित्ताने आम्ही हिऱ्याचा विषय मुद्दाम निवडला आहे.

विषय मुद्दाम निवडण्याचे कारण असे. गेल्या काही वर्षांत आपल्या ज्ञातीत सोयरीक जुळविताना सोन्याच्या याद्यांबरोबर हिऱ्याच्या अंगठीची गोष्ट निघू लागली आहे. त्यातच प्रयोगशाळेत घडविलेला हिरा बाजारात आला. जाहिराती त्यास 'लॅबग्रोन' म्हणतात, व्यापारी लोक 'सीव्हीडी' म्हणतात. आजवर श्रीमंतांच्या पेटीत असणारा दोन-तीन कॅरेटचा हिरा यामुळे बेताच्या मिळकतीच्या कुटुंबासही घेता येऊ लागला. हा हिरा खरा की खोटा? खरा असेल तर इतका स्वस्त कसा? आणि स्वस्त असेल तर तो घ्यावा की न घ्यावा? असे प्रश्न तरुण मंडळी तर विचारतातच, परंतु मुलीचे वडीलही हळूच विचारतात. या प्रश्नांचे उत्तर इतिहासात आहे, अशी आमची समजूत आहे.

आपल्या घरातील हिरा

पुणे-सोलापूर मार्गावर भिगवण सोडून इंदापूरकडे जाऊ लागले की लोणी देवकर लागते. आज तेथे औद्योगिक वसाहत आहे, उजनीच्या पाण्याने भोवतालच्या शिवारात ऊस आणि फळबागा दिसतात. उजनीचे धरण १९८० साली पुरे झाले. त्यापूर्वी इंदापूर तालुक्याचा बराच मोठा भाग अवर्षणाचा म्हणूनच ओळखला जाई. अशा मुलखातील कुटुंबांत दागिना ही केवळ शोभेची वस्तू कधीच नव्हती. बोरमाळ, पुतळ्यांची माळ, पाटल्या, गोठ, तोडे हे सर्व अंगावर घालावयाचे खरे. पण त्यांचे मुख्य काम संकटात उपयोगी पडण्याचे होते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही शाळकरी होतो. त्या वर्षी खडी फोडण्याच्या आणि पाझर तलावांच्या कामावर माणसे जात, आणि घरोघरच्या बायकांच्या हातांतील पाटल्या एकेक करून सराफाच्या किंवा सावकाराच्या पेटीत जात. पुढे पाऊस झाला, पीक आले, की त्यांतील काही परत येत, काही येत नसत. परंतु त्या पाटल्यांनी दाणागोटा आणला, बैलजोडी वाचविली, मुलांची शाळा चालू ठेविली, हे विसरता येणार नाही.

या दागिन्यांत हिऱ्याचे स्थान किती होते? जवळजवळ नव्हतेच. वज्रटीक या आपल्या जुन्या अलंकाराच्या नावात वज्र आहे, तथापि ती घडते सोन्याच्या मण्यांची. आपल्या घरांत हिरा आला तो बहुधा नाकातील चमकीच्या रूपाने. ज्वारीच्या दाण्याहूनही लहान असा तो खडा आजीच्या नाकावर चमके, आणि त्याला सगळे घर 'हिरा' म्हणे. तो विकून काय येईल याचा विचार कोणी केला नाही, कारण त्यातून काही येण्यासारखे नव्हते. मोठा हिरा म्हणजे राजेरजवाड्यांची आणि देवस्थानांची गोष्ट, असाच सर्वांचा समज होता. आणि तो खराही होता. तो खरा का होता, हे आता पाहू.

वजनाच्या वर्गाचा नियम

आपला देश हा हिऱ्याचे माहेरघर. अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत जगातील जवळजवळ सर्व हिरा हिंदुस्थानातून जात असे. कृष्णेच्या काठचे कोल्लूर आणि गोवळकोंड्याच्या राज्यातील इतर खाणी सर्वांस ठाऊक आहेत. परंतु महाराष्ट्रही यात अगदीच मागे नव्हता. आजच्या गडचिरोली जिल्ह्यातील वैरागड येथे हिऱ्याची खाण असल्याचा उल्लेख अबुल फजलाच्या 'आईन-इ-अकबरी'त आला आहे. त्याही पूर्वी, सहाव्या शतकात वराहमिहिराने 'बृहत्संहिते'त हिऱ्याच्या परीक्षेवर स्वतंत्र अध्याय लिहिला, आणि हिऱ्यांच्या स्थानांत शूर्पारकाचे, म्हणजे आपल्या कोकणातील सोपाऱ्याचे, नाव घेतले.

वराहमिहिराच्या त्या अध्यायात आमच्यासारख्या गणिताच्या मास्तरास विशेष वाटणारी गोष्ट आहे ती किंमतीच्या कोष्टकाची. तो हिऱ्याचे वजन तांदळाच्या मापाने सांगतो, आणि वजन दोन-दोन तांदळांनी उतरत गेले म्हणजे किंमत कशी उतरते ते देतो. त्यात वजन निम्मे झाल्यावर किंमत निम्मी राहत नाही. ती त्याहून पुष्कळच खाली जाते. अगदी लहान खड्यास तर जवळजवळ काहीच मोल उरत नाही. सोन्याचे तसे नाही. दोन तोळे सोने एक तोळ्याच्या बरोबर दुप्पट. हिऱ्याचा न्याय मात्र अगदी निराळा.

पुढे सतराव्या शतकात तव्हेर्निये नावाचा फ्रेंच जवाहिऱ्या हिंदुस्थानात अनेक वेळा येऊन गेला. दख्खनच्या खाणींवर तो स्वतः गेला होता. १६७६ साली पॅरिसमध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासग्रंथात त्याने हाच न्याय सूत्ररूपाने सांगितला. हिऱ्याचे जितके कॅरेट वजन, त्याचा वर्ग करावा, आणि त्यास एका कॅरेटच्या हिऱ्याच्या किंमतीने गुणावे. उदाहरणार्थ, एक कॅरेटचा उत्तम हिरा १५० लिव्हरचा असेल, तर १२ कॅरेटचा १२ पट नव्हे, तर १२ गुणिले १२ म्हणजे १४४ पट, अर्थात २१,६०० लिव्हरचा होईल. या नियमाने २ कॅरेटचा हिरा चौपट, ३ कॅरेटचा नऊपट आणि ५ कॅरेटचा पंचवीसपट महाग ठरतो.

असे का? कारण निसर्गात मोठा आणि निर्मळ खडा फारच विरळा सापडतो. शेकडो लहान खडे एकत्र केले तरी त्यांचा एक मोठा हिरा होत नाही. सोन्याच्या शंभर कण्या वितळवून मात्र एक लगड होते. तव्हेर्नियेच्या सूत्रातला वर्ग म्हणजे या विरळेपणाचीच किंमत होय. बेताच्या ऐपतीच्या माणसास चमकी परवडे आणि अंगठीचा मोठा हिरा परवडत नसे, याचे संपूर्ण गणित या एका वर्गात सामावलेले आहे.

याच काळच्या आणखी एका हिऱ्याचा वृत्तांत आपल्या महाराष्ट्राशी निगडित आहे. त्र्यंबकेश्वराच्या देवस्थानी असलेला म्हणून सांगितला जाणारा 'नासक' अर्थात नाशिकचा हिरा पेशवाईच्या अखेरीस, १८१८ साली, इंग्रजांच्या हाती पडला आणि लंडनास गेला. तेव्हा त्याचे वजन सुमारे ९० कॅरेट होते. आपल्या कारागिरांनी त्यास पैलू पाडताना वजन राखण्याकडे लक्ष दिले होते. तेज त्या मानाने मंद होते. लंडनमध्ये तो पुन्हा घासण्यात आला तेव्हा वजन सुमारे ८० कॅरेटवर आले. १८३७ साली लिलावात त्यास ७,२०० पौंड पडले. १९४० च्या सुमारास तो न्यूयॉर्कचे जवाहिरे हॅरी विन्स्टन यांच्याकडे आला, आणि त्यांनी आधुनिक पद्धतीने पैलू पाडून त्यास ४३.३८ कॅरेटवर आणले. म्हणजे निम्म्याहून अधिक वजन धूळ होऊन गेले. परंतु तेज वाढले, आणि १९७० च्या लिलावात त्या लहान झालेल्या हिऱ्यास ५ लाख डॉलर मिळाले. मोठेपणा आणि तेज यांत जाणत्या व्यापाऱ्याने तेज पसंत केले, हे या वृत्तांताचे सार. मोठा हिरा घेऊ पाहणाऱ्या वाचकाने ते ध्यानात ठेवावे. पुढे त्याचा उपयोग होईल.

नवी खाण आणि जुना व्यापारी

विरळेपणावर उभे असलेले मोल विरळेपणा ढळताच ढळते. याचा पहिला मोठा अनुभव १७२५ नंतर आला. ब्राझीलमध्ये हिरे सापडू लागले आणि युरोपातील भाव गडगडले. तेव्हा जुन्या व्यापाऱ्यांनी ब्राझीलचा हिरा हलका, हिंदुस्थानचाच खरा, अशी आवई उठविली. त्यावर पोर्तुगीज व्यापाऱ्यांनी ब्राझीलचे हिरे गोव्यास आणून तेथून हिंदुस्थानी म्हणून युरोपात पाठविले, अशी कथा सांगतात. खडा तोच, पण त्याच्या जन्मगावाचे नाव बदलले की भाव बदलला.

दुसरा अनुभव दक्षिण आफ्रिकेचा. १८६७ साली तेथे पहिला हिरा सापडला, आणि थोड्याच वर्षांत किंबर्लीच्या खाणींतून इतका माल निघू लागला की भाव पार कोसळतील अशी भीती उत्पन्न झाली. १८८८ साली सेसिल ऱ्होड्सने 'डी बीअर्स' कंपनी स्थापन केली. पुढे विसाव्या शतकाच्या बहुतेक काळात या एका कंपनीने किती माल बाजारात सोडावयाचा हे ठरवून विरळेपणा टिकवून धरला. १९४७ पासून अमेरिकेत 'हिरा चिरंतन' अशा अर्थाची जाहिरात सुरू झाली, आणि वाङ्निश्चयास हिऱ्याची अंगठी हवीच ही रूढी जगभर पसरली. आपल्याकडील काही तरुण जोडप्यांस ही रूढी पुरातन वाटते. तिचे वय आमच्या वडील पिढीहून फारसे अधिक नाही.

प्रयोगशाळेतील जन्म

तिसरा आणि सर्वांत मोठा फरक घडविला तो रसायनशास्त्राने. १७७२ साली फ्रान्समधील लाव्वाझिए याने भिंगाने सूर्यकिरण एकवटून हिरा जाळून दाखविला. १७९७ साली इंग्लंडच्या स्मिथसन टेनंटने सिद्ध केले की हिरा हा निव्वळ कार्बन, म्हणजे ज्या मूलद्रव्याचा कोळसा आणि पेन्सिलीतील शिसे तेच मूलद्रव्य होय. भेद काय तो कणांच्या रचनेत. तेव्हापासून कोळशाचा हिरा करण्याचा ध्यास विद्वानांनी घेतला. अनेकांचे प्रयत्न फसले. अखेर १९५३ साली स्वीडनच्या 'असिआ' कंपनीस यश आले, पण तिने ते गुप्त ठेविले. डिसेंबर १९५४ मध्ये अमेरिकेच्या 'जनरल इलेक्ट्रिक'मध्ये ट्रेसी हॉल यांनी हिरा घडविला, आणि फेब्रुवारी १९५५ मध्ये ती वार्ता जगास कळली. हे हिरे बारीक, कारखान्यात घासण्या-कापण्याच्या कामाचे होते. दागिन्यात बसविण्याजोगे हिरे त्याच कंपनीने १९७० साली केले. पण त्यांचा खर्च खाणीतील हिऱ्याहूनही जास्त पडला.

आज दोन रीती प्रचलित आहेत. पहिलीत पन्नास हजार वातावरणांहून अधिक दाब आणि तेराशे अंशांहून अधिक उष्णता देऊन कार्बनाचा हिरा करतात. पृथ्वीच्या पोटात घडते त्याचीच ही नक्कल. दुसरीत हवा काढून घेतलेल्या पेटीत मिथेन आणि हायड्रोजन हे वायू सोडतात, विद्युत्शक्तीने ते तापवितात, आणि तळाशी ठेवलेल्या हिऱ्याच्या पातळ चकतीवर कार्बनाचे थर एकावर एक चढत जातात. या चकतीस 'बीज' म्हणतात. काही आठवड्यांत पैलू पाडण्याजोगा खडा तयार होतो. ही दुसरी रीत म्हणजेच 'सीव्हीडी'. सुरतेने ही विद्या उचलली आणि आपला देश या हिऱ्यांच्या मोठ्या उत्पादकांत गणला जाऊ लागला. १ फेब्रुवारी २०२३ च्या अर्थसंकल्पात या बीजावरील आयातकर काढून टाकण्यात आला, आणि मद्रासच्या आय.आय.टी.स संशोधनासाठी पाच वर्षांत सुमारे २४२ कोटी रुपये देण्याचे ठरले. त्याच वर्षी जूनमध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांस ७.५ कॅरेटचा असाच हिरा भेट दिला.

आता पहिल्या प्रश्नाचे उत्तर देता येईल. हा हिरा खरा आहे. 'अमेरिकन डायमंड' म्हणून जो खडा बाजारात मिळतो तो हिरा नव्हेच. तो झिर्कोनियमचा कृत्रिम खडा आहे. प्रयोगशाळेतील हिरा मात्र कार्बनाचाच, तितकाच कठीण, तितकाच तेजस्वी. सराफाच्या पेढीवरील साधे तपासणी यंत्रही त्यास खाणीतील हिऱ्यापासून वेगळा ओळखू शकत नाही; त्यासाठी विशेष उपकरणांची प्रयोगशाळाच लागते. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने २०१८ साली हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द वगळला, तो याच कारणास्तव.

दुसरा प्रश्न : खरा असून स्वस्त कसा? कारण आजवर मोल खरेपणाचे नव्हते, विरळेपणाचे होते. प्रयोगशाळेत मोठा खडा हवा असेल तर यंत्र अधिक दिवस चालवावे लागते. त्यासाठी निसर्गाच्या कृपेची वाट पाहावी लागत नाही. म्हणून तव्हेर्नियेचा वर्ग येथे लागू पडत नाही. याचा स्पष्ट पुरावा इतिहासाने देऊन ठेविला आहे. २०१८ साली डी बीअर्सनेच 'लाइटबॉक्स' नावाने असे हिरे विकावयास काढले तेव्हा भाव ठेविला तो सरळ : पाव कॅरेटास २०० डॉलर, अर्ध्यास ४००, एका कॅरेटास ८००. म्हणजे सोन्यासारखे सरळ त्रैराशिक! सुमारे पंधराशे वर्षांचा नियम एका दरपत्रकाने मोडला. पुढे हा भावही टिकला नाही. २०२४ मध्ये साध्या प्रतीचा दर कॅरेटास ५०० डॉलरवर आला, आणि मे २०२५ मध्ये कंपनीने ही शाखा बंद करण्याचे जाहीर केले. घाऊक बाजारात या हिऱ्यांचे भाव सात वर्षांत ९० टक्क्यांनी उतरले, असे तिनेच त्या वेळी सांगितले. जिल बायडन यांना दिलेल्या हिऱ्याची अमेरिकी सरकारने नोंदविलेली किंमत २०,००० डॉलर होती. कॅरेटामागे हिशेब केला तर हा दर २,७०० डॉलरांच्या आतच येतो; त्या वजनाच्या उत्तम नैसर्गिक हिऱ्यास याच्या कितीतरी पट मोजावे लागले असते.

घ्यावा की न घ्यावा?

आता तिसरा प्रश्न. आणि खरी काळजी येथेच आहे. आमचे मत आम्ही स्पष्ट सांगतो. हौस म्हणून घ्यावा, ठेव म्हणून घेऊ नये.

ज्या वस्तूचा भाव सात वर्षांत दहाव्या हिश्श्यावर आला, ती वस्तू अडचणीच्या दिवशी पाटलीचे काम करणार नाही, हे सांगणे न लगे. यात नैसर्गिक हिऱ्याची भलामण करण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. तोही विकावयास नेला म्हणजे खरेदीच्या भावाने परत जात नाही. घडणावळ, नफा आणि कर वजा होऊनच पैसे हाती येतात. बँकेत दागिना तारण ठेवताना तर फक्त सोनेच मोजतात. रिझर्व्ह बँकेने जून २०२५ मध्ये काढलेल्या निर्देशांतही तारणाचे मोल ठरविताना खड्यांची किंमत धरू नये असे स्पष्ट म्हटले आहे. तेव्हा एक लाखाच्या अंगठीत सोने चाळीस हजारांचेच असेल, तर पेरणीच्या दिवसांत कर्ज मिळेल ते त्या चाळीस हजारांवर, आणि तेही पूर्ण नव्हे. ज्या मुलखाने १९७२ पाहिले त्या मुलखातील माणसाने एवढे विसरू नये.

परंतु याची दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. सोयरिकीत मोठ्या हिऱ्याचा आग्रह झाला म्हणून मुलीच्या बापाने जमिनीवर बोजा चढवावा, यापेक्षा त्याच तेजाचा खडा बेताच्या पैशांत मिळत असेल तर तो आनंदाने घ्यावा. त्यात कमीपणा नाही. जो हिरा देशाच्या पंतप्रधानांनी परराष्ट्रात भेट म्हणून दिला, तो आपल्या सुनेच्या बोटात हलका कसा ठरेल? आग्रह धरणाऱ्यांस मात्र आठवण द्यावीशी वाटते की १९६१ चा हुंडा प्रतिबंधक कायदा हिऱ्यासही लागू आहे.

घ्यावयाचे ठरल्यास पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, शब्दाची. 'कॅरेट' हा शब्द मराठीत दोन अर्थांनी येतो. सोन्याचा कॅरेट शुद्धता सांगतो : २४ भागांत किती भाग सोने. हिऱ्याचा कॅरेट वजन सांगतो : एक कॅरेट म्हणजे २०० मिलिग्रॅम, पाच कॅरेटचा एक ग्रॅम. '१८ कॅरेटची हिऱ्याची अंगठी' म्हणजे हिरा १८ कॅरेटचा नव्हे. सोने शेकडा ७५ शुद्ध. हिरा घट्ट धरण्यासाठी कठीण सोने लागते, म्हणून अशा अंगठ्या बहुधा १८ किंवा १४ कॅरेटच्या असतात. १४ कॅरेटमध्ये सोने शेकडा ५८ च्या आसपासच असते, हे भाव करताना विसरू नये.

दुसरी, आकाराची. वजन दुप्पट झाले म्हणजे हिरा दुप्पट मोठा दिसत नाही. एक कॅरेटचा गोल हिरा सुमारे साडेसहा मिलिमीटर रुंद असतो, दोन कॅरेटचा सुमारे आठ. रुंदी दुप्पट, म्हणजे तेरा मिलिमीटर, हवी तर वजन आठपट लागते. कारण लांबी, रुंदी आणि खोली तिन्ही वाढतात. म्हणून केवळ कॅरेटचा आकडा ऐकून पैसे वाढवू नयेत. खडा बोटावर ठेवून पाहावा. लांबट किंवा थेंबाच्या आकाराचा हिरा त्याच वजनाच्या गोल हिऱ्याहून मोठा दिसतो.

तिसरी, पैलूंची. नाशिकच्या हिऱ्याचा वृत्तांत येथे उपयोगी पडतो. पैलू नीट नसतील तर मोठा खडाही काचेसारखा मंद दिसतो. बेताच्या पैशांत मोठा हिरा घेताना प्रथम कट पाहावा, मग रंग, मग निर्मळपणा. नुसत्या डोळ्यांस न दिसणारा डाग भिंगातून दिसला म्हणून बिघडत नाही. तो नसावा यासाठी जादा पैसे मोजण्याचेही कारण नाही.

चौथी, कागदाची. आय.जी.आय.सारख्या मान्यवर प्रयोगशाळेचे प्रमाणपत्र घ्यावे, आणि त्यावरील क्रमांक हिऱ्याच्या कडेवर किरणांनी कोरलेल्या क्रमांकाशी भिंगाखाली ताडून पाहावा. प्रमाणपत्रावर हिरा प्रयोगशाळेतील असल्याचे स्पष्ट लिहिलेले असते. अमेरिकेच्या जी.आय.ए. या संस्थेने ऑक्टोबर २०२५ पासून अशा हिऱ्यांस रंग व निर्मळपणाच्या जुन्या श्रेणी देणे थांबवून 'प्रीमियम' आणि 'स्टँडर्ड' अशा दोनच प्रती ठेविल्या आहेत; तेव्हा जुने आणि नवे प्रमाणपत्र निरनिराळे दिसल्यास गोंधळू नये.

पाचवी, पावतीची. पावतीवर सोन्याचे निव्वळ वजन, हिऱ्याचे कॅरेट, प्रति कॅरेट दर, घडणावळ आणि कर ही कलमे निरनिराळी लिहून घ्यावीत. सोन्यावर हॉलमार्क आणि सहा अक्षरांचा एच.यू.आय.डी. असल्याची खात्री करावी. १ एप्रिल २०२३ पासून तो आवश्यक आहे. पेढीने परत घेण्याचे किंवा बदलून देण्याचे आश्वासन दिले तर ते अटींसह लेखी घ्यावे. भाव सतत उतरत असल्याने येथे दर छापण्यात अर्थ नाही. एकाच वजनाच्या आणि प्रतीच्या खड्याचा प्रति कॅरेट दर निदान तीन पेढ्यांवर विचारावा, आणि आज घाई नसेल तर थांबण्यात नुकसान नाही, हे जाणावे.

सहावी आणि शेवटची गोष्ट प्रामाणिकपणाची. प्रयोगशाळेतील हिरा खाणीतला म्हणून सोयऱ्यांस सांगू नये. आज नाही तर उद्या, दागिना मोडताना किंवा वाटणी होताना, सत्य बाहेर येतेच; आणि मग दोष हिऱ्यास न लागता नात्यास लागतो. लग्नात दिलेल्या वस्तूंची यादी करण्याचा नियम १९८५ पासून आहे. त्या यादीत 'प्रयोगशाळेत घडविलेला हिरा, वजन अमुक, किंमत अमुक' असे स्वच्छ लिहावे आणि दोन्ही पक्षांनी सह्या कराव्यात. मुलीचे स्त्रीधन कागदावर फुगवून लिहिले तर उद्या तिला त्यातून काही मिळणार नाही. जे खरे तेच लिहिले तर तिची फसगत होणार नाही.

एक हिशेब सुचवून हा लेख पुरा करतो. दागिन्यासाठी जी रक्कम ठरली असेल तिचे दोन भाग करावेत : मोठा भाग साध्या घडणीच्या २२ कॅरेट सोन्याचा, लहान भाग हौशीच्या हिऱ्याचा. हौशीच्या भागास कर्ज काढू नये, आणि उद्या त्याचा भाव शून्य झाला तरी संसारास धक्का लागणार नाही इतकाच तो असावा. पिढ्यान् पिढ्या मोठा हिरा आपल्या घराच्या उंबऱ्याबाहेर राहिला तो वजनाच्या वर्गामुळे. ती अडचण आता दूर झाली, ही शास्त्राची कृपा. तो उंबऱ्याच्या आत येताना पाटल्यांस बाहेर घालवून येऊ नये, एवढीच ज्ञातिबंधु-भगिनींस आमची नम्र विनंती आहे.